आगीचा वाटा

पेटी समुद्रात पडली तेव्हा सुगंधा आगबोटीवरची माणसं आणि माल किनाऱ्याला नेणाऱ्या पडावातच उभी होती. हात लांब केला असता तर पेटीची दोरी तिच्या बोटांना लागलीसुद्धा असती. पण आगबोट एका लाटेवर वर गेली, पडाव दुसऱ्या लाटेवर खाली आला, आणि मुंबईहून आलेली ती लाकडी पेटी महादू तांडेलाच्या हातातून जी सटकली ती थेट दर्यात. आत काचेच्या नळ्या होत्या, चंचुपात्रं होती, स्पिरिटचा दिवा होता, रसायनांच्या बाटल्या होत्या. पेटीवर तांबड्या अक्षरांत 'जपून हाताळा' असं लिहिलेलं होतं. समुद्राला वाचता येत नाही.

महादूने डोक्यावरची टोपी काढली, पाण्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "दर्याक पण शाळा शिकाची आसतली, बाई."

पडावातले चार उतारू हसले. सुगंधाला मात्र त्या तांडेलालाच पेटीमागे ढकलून द्यावंसं वाटलं.

हसण्यासारखं काही नव्हतंच. मालवणच्या उत्तरेला, खाडीच्या काठावर, बावखोलवाडी आहे. तिथल्या मुलींच्या शाळेने १९५९च्या जूनमध्ये आठवीचा वर्ग काढला होता, आणि तोही विज्ञान घेऊन. वर्ग निघाला तो सुगंधाच्या हट्टावर. चुन्याच्या भट्टीवाल्या भिकाजीची ही मुलगी कोल्हापुरात मावशीकडे राहून बी.एस्सी. झाली, मुंबईची नोकरी सोडून गावी परतली आणि शाळेचे सेक्रेटरी भाई यांच्या अशी हात धुऊन मागे लागली, की भाईंनी एका संध्याकाळी वैतागून 'काढूया' म्हणून टाकलं. पण वर्गाला सरकारी मान्यता हवी. ती देणारे इन्स्पेक्टर देवस्थळी पुढच्या आठवड्यात रत्नागिरीहून येणार होते, आणि प्रयोगशाळा बघितल्याशिवाय हा माणूस खिशातलं पेन काढत नाही अशी त्यांची ख्याती होती. मान्यता नाही तर वर्ग नाही. वाडीतले मुलगे होडीने खाडी ओलांडून मालवणच्या हायस्कुलात जायचे. मुलींना त्या होडीत बसवायला एकही बाप तयार नव्हता.

वर्गात मुली मोजून अकरा. त्यांतल्या शेवंतीचं तर पुढचं ठरूनच गेलं होतं. तिचा बाप धोंडू माडाची बाग राखायचा. माणूस सरळ, पोटात एक ओठात एक असं त्याचं नाही. त्याने सुगंधाला स्पष्ट सांगून टाकलं होतं, "वर्ग रवलो तर शिकान दे, बाई. नाय रवलो तर तिका मुंबैक आत्येकडे धाडतलंय. थय चार घरची भांडी घासल्यान तर पोट तरी भरात."

आणि ही शेवंती म्हणजे प्रश्नांचं पोतं. विहिरीचं पाणी थंडीत कोमट का लागतं, माडाला वर पाणी कोण चढवतं, भरती रोज उशिरा का येते. अशी पोरगी मुंबईत कुणाची तरी भांडी घासणार, हा विचार मनात आला की सुगंधाचं डोकं फिरायचं. भिकाजीने तिला स्वतःला कोल्हापूरला पाठवलं नसतं तर तीही आज अशीच कुठेतरी घासत बसली असती.

"आता काय करूचा?" भाईंनी बातमी ऐकून कपाळाला हात लावला. "साहेबाक काय दर्यात बुडी मारूक सांगूया?"

सुगंधा तडक घरी आली. घर कसलं, घरापेक्षा भट्टी मोठी. चिऱ्यांची गोल भिंत, आत एक थर शिंपल्यांचा, एक थर लाकडी कोळशाचा, पुन्हा शिंपल्यांचा. खाडीतून होड्या भरभरून शिंपले यायचे आणि भिकाजी ते जाळून चुना करायचा. मालवणापर्यंतच्या घरांच्या, देवळांच्या, शाळांच्या भिंती त्याच्या चुन्याने पांढऱ्या होत होत्या.

बापलेकीचा एक जुना वाद होता. भिकाजी मणभर शिंपले तोलून भट्टीत घालायचा, पण निघालेला चुना तोलला की तो जेमतेम अर्ध्याच्या वर भरायचा. त्याच्या बापाचं तेच, आजाचं तेच. उरलेलं गेलं कुठे? तर आगीने आपला वाटा घेतला. म्हणून भट्टी पेटवण्याआधी भट्टीपुढे नारळ ठेवायचा आणि आगीला हात जोडून सांगायचं, की बाई, वाटा घे पण बेताने घे. लहानपणी सुगंधाही हे म्हणायची. कॉलेजात गेल्यावर तिला कळलं, की आग काही खात नाही, ती फक्त कोंडलेल्याला मोकळं करते. शिंपल्यात अडकून पडलेला वायू तापला की सुटतो आणि हवेत जातो. सुट्टीत येऊन तिने हे मोठ्या उत्साहाने बापाला सांगितलं.

"हवेत गेलो म्हणतंस?" भिकाजीने वर बघत विचारलं होतं. "मगे दाखय बघू खंय आसा तो."

तिला दाखवता आलं नव्हतं. तेव्हापासून हा वाद तसाच लोंबकळत होता, आणि दर वेळी चुना तोलताना भिकाजी तिच्याकडे बघून मिशीत हसायचा.

आज मात्र तो हसला नाही. लेकीचा पडलेला चेहरा बघून त्याला काहीतरी द्यावंसं वाटलं, आणि देण्यासारखी त्याच्याकडे एकच वस्तू होती.

"बाटल्ये बुडाले ते बुडाले, बाय," तो म्हणाला. "चुनो व्हयो तर सांग. चुन्याक आपल्याकडे कमी नाय."

सुगंधा ताडकन उठून उभी राहिली. चुना! घरात पाण्यात कालवून ठेवला, खाली बसू दिला, की वर राहते ती नितळ निवळी. पोरांच्या पोटदुखीला आया चमचाभर पाजतात तीच. कॉलेजच्या प्रयोगशाळेत त्याच निवळीची बाटली काचेच्या कपाटात, कुलपात ठेवलेली असायची. ती इतकी वर्षं त्या कपाटाकडे आदराने बघत आली होती आणि बाप पाट्या भरभरून तोच चुना विकत होता.

दुसऱ्या दिवशी वाडीत एकच धांदल उडाली. वाण्याकडून गोळ्यांच्या रुंद तोंडाच्या बरण्या आल्या, तांबड्या पत्र्याच्या झाकणांसकट. पपईच्या पानांचे पोकळ देठ आले, त्यांच्या नळ्या झाल्या. करवंट्यांच्या वाट्या झाल्या. प्रत्येक मुलीपुढे एक बरणी, बरणीत चुन्याची निवळी. झाकण काढायचं, देठातून फुंकर घालायची, की नितळ पाणी बघता बघता दुधासारखं पांढरं व्हायचं. पहिल्यांदा पाणी पांढरं झालं तेव्हा मुली अशा ओरडल्या, की शेजारच्या वर्गातले मास्तर धावत आले.

"हा तोच वायू," सुगंधा म्हणाली. "तुमच्या श्वासातला आणि भट्टीतला एकच. आता ह्याची गंमत ऐका. आज हा शेवंतीच्या नाकातून सुटला. तिच्याच बापाच्या बागेतल्या माडाने झापाच्या पात्यांतून तो आत ओढला आणि उन्हाच्या मदतीने त्याचं खोबरं केलं. खोबरं तुम्ही जेवलात, तो पुन्हा श्वासातून बाहेर. ह्या खेपेला खाडीच्या पाण्यात विरघळला. तिथे चिखलात एक तिसरी, तो शिंपल्यातला जीव, आपलं घर बांधत होती, तिने त्याला शिंपल्यात चिणून टाकलं. तिसऱ्यांचं तुम्ही कालवण केलं, शिंपला माझ्या बाबांच्या भट्टीत आला. आगीत तो पुन्हा मोकळा झाला आणि चालला वर. आणि तो चुना भिंतीला लावला, की भिंत हळूहळू त्याला हवेतून परत खेचून घेते. म्हणून तर ओला चुना दगडासारखा घट्ट होतो. फिरून फिरून भोपळे चौकातलाच खेळ."

मुली हसल्या. शेवंती हसली नाही. ती खिडकीतून बाहेर बघत होती. दूर समुद्रात दक्षिणेकडे जाणारी आगबोट काळा धूर सोडत चालली होती.

"बाई, तिचो धूर खंय जाता? तेका परत कोण घेता?"

मुलींच्या माना खिडकीकडे वळल्या. सुगंधानेही क्षणभर तिकडे पाहिलं. आपलीच पेटी बुडवणारी बोट.

मग तिने जे सांगितलं ते पुस्तकात नव्हतं. भट्टीतला कोळसा परवाच्या झाडाचा, त्याच्या जागी नवं झाड उगवलं की ते तो वायू परत घेईल. पण आगबोटीत जळतो तो दगडी कोळसा. तो माणूस जन्माला येण्याच्याही कितीतरी आधीच्या रानांचा, जमिनीखाली गाडलेला. खेळातून कधीच बाद झालेला. तो आपण खणून काढतोय आणि जगभरच्या कारखान्यांतून, रेल्वेतून, बोटींतून भराभर वर पाठवतोय. झाडं घेतील तेवढं घेतील, समुद्र घेईल तेवढं घेईल. उरलेला वरच राहील. आणि ह्या वायूचा गुण असा, की तो जमिनीची ऊब बाहेर जाऊ देत नाही. अंगावर एक गोधडी असताना वर आणखी एक टाकली तर काय होईल? कोल्हापूरच्या एका मैत्रिणीने तिला विज्ञानाचं मासिक पाठवलं होतं, त्यात आलं होतं, की दूरच्या महासागरातल्या एका बेटावर, उंच डोंगरावर बसून काही शास्त्रज्ञ हा वायू हवेत किती आहे ते रोज मोजायला लागलेत. वाढतोय का, किती वाढतोय, ते अजून कुणाला धड ठाऊक नाही.

शेवंतीने धुराची ती रेघ दिसेनाशी होईपर्यंत पाहिली. मग म्हणाली, "मगे ह्या कोणीतरी मोजूक होया." आणि तिने पुन्हा बरणीत फुंकर घातली.

साहेब यायच्या आदल्या दिवशी सगळं सज्ज झालं. अकरा बरण्यांत ताजी, आरशासारखी निवळी, वर घट्ट झाकणं. सुगंधाने वर्गाला कुलूप लावलं, किल्ली बापाकडे दिली आणि साहेबांना घ्यायला भाईंबरोबर मालवणला गेली. तिथेच नातेवाइकांकडे रात्रीला राहिली आणि बऱ्याच दिवसांनी शांत झोपली. किल्ली बापाकडे देऊ नये हे तिला कसं सुचावं?

देवस्थळी साहेब उंच, किडकिडीत आणि कमी बोलणारे. होडीत बसल्यावर त्यांनी एवढंच विचारलं, "उपकरणांची यादी?"

"बुडाली, साहेब," भाई म्हणाले आणि लगेच खोकले.

"प्रयोगशाळा आहे," सुगंधा म्हणाली. "आपण बघालच."

शाळेच्या अंगणात अर्धी वाडी जमली होती. मुली नव्या रिबिनी बांधून ओळीने उभ्या होत्या. भिकाजी धुतलेलं धोतर नेसून, काळी टोपी घालून दारातच उभा होता. त्याचा चेहरा असा फुललेला, की जणू साहेब त्याच्याच लग्नाला आलेत. सुगंधाने वर्गात पाऊल टाकलं आणि तिला धुपाचा वास आला. बाकांवर अकरा पणत्या, विझून काळ्या झालेल्या. मधोमध नारळ, निखाऱ्यांची राख. खिडक्या सगळ्या बंद. आणि बरण्या उघड्या! एकाही बरणीवर झाकण नाही, आणि आतल्या नितळ पाण्यावर पांढरी, जाड साय धरलेली. कुठे ती फुटून तळाशी बसली होती, पाणी गढूळ झालं होतं.

ती दारातच बापाकडे वळली.

"बाबा, हे काय झालं?"

"गाऱ्हाणा घातलंय," भिकाजी अभिमानाने म्हणाला. "काल सांजचा. तुज्या कामाक यश येवंदे म्हणान. सगळी चेडवा होती. एकेकीच्या नावान पणती लायली. वाऱ्यान इझतली म्हणान खिडक्ये बंद केलंय."

"आणि झाकणं?"

"ती मीच काढलंय. बरणी बंद रवली तर देवाचा बोलणा पाण्याक आयकाक कसा येतला?"

उभ्या कोकणात कुठल्याही शुभ कामाआधी देवाला गाऱ्हाणं घालतात, एकजण मागणं मागतो आणि बाकीचे 'व्हय म्हाराजा' म्हणतात, हे खरं. पण बरण्यांनीही 'व्हय म्हाराजा' म्हणावं म्हणून त्यांची तोंडं उघडी ठेवणारा उभ्या कोकणात हा एकच भिकाजी.

साहेब मागेच उभे होते. त्यांनी घड्याळ पाहिलं. "सुरू करा. मला भरतीच्या आत परतायचंय."

शेवंती पुढे झाली. तिने साय बाजूला सारून देठातून फुंकर घातली. गढूळ पाणी गढूळच राहिलं. दुसरी बरणी घेतली, तिथेही तेच. फुंकून फुंकून तिचा चेहरा लाल झाला.

"हे आधीही असंच होतं," साहेब म्हणाले. "ह्यातून काय सिद्ध होतं, बाई?"

"नवी निवळी करता येईल, साहेब, पण चुना खाली बसायला..."

"मला वेळ नाही." त्यांनी काखेतली फाइल दुसऱ्या काखेत घेतली. पेन खिशातच राहिलं. खिडकीच्या गजांपाशी उभा असलेला धोंडू मान खाली घालून मागे सरला आणि शेवंतीने ते पाहिलं.

सुगंधाला असा राग आला, की बापाकडे वळून चार शब्द सुनवावेत. ती वळलीही. पण भिकाजीच्या चेहऱ्यावरचा सगळा आनंद उतरला होता. काहीतरी बिघडलंय आणि ते आपल्याच हातून, एवढं त्याला कळलं होतं. टोपी हातात घेऊन तो हळूच म्हणाला, "माजा चुकला काय गो, बाय?"

तिचा राग तिथल्या तिथे विरला. डोळे भरून आले. काहीतरी करायचं म्हणून तिने बरणीतली साय बोटांवर घेतली आणि सवयीने चोळली. चुन्याच्या घरात वाढलेली पोर ती. चुना बोटांत लोण्यासारखा लागतो हे तिला चालायला लागायच्या आधीपासून ठाऊक. पण ही साय लोण्यासारखी नव्हती. ती खरखरीत होती. बारीक, खरखरीत, अगदी कुटलेल्या शिंपल्यासारखी.

सुगंधाने ती पुन्हा चोळून पाहिली. मग तिने बापाचे दोन्ही खांदे धरले.

"बाबा, तुमच्या अकरा पणत्या! तुमचा धूप! एवढ्या माणसांचे श्वास, आणि खिडक्या बंद! शेवंती, पळ, लिंबं आण! जेवढी मिळतील तेवढी आण!"

साहेब दारापर्यंत गेले होते. सुगंधा आडवी आली. नंतर भाई म्हणायचे, की सरकारी माणसाची वाट अडवायला जिगर लागते, आणि ती चुन्याबरोबर भिकाजीच्या घरात आली असावी.

"साहेब, फक्त एक लिंबू पिळेपर्यंत थांबा."

लिंबं आली. सुगंधाने तीन करवंट्या मांडल्या. एकीत कुटलेला शिंपला, दुसरीत भट्टीवरून आणलेला, बंद मडक्यातला ओला चुना, तिसरीत बरण्यांवरून गोळा केलेली ती साय. शिंपल्यावर लिंबू पिळलं. बुडबुडे उठून फसफस आवाज झाला. "हा कोंडलेला वायू बाहेर पडतोय. आग करते तेच काम लिंबू करतं." चुन्यावर पिळलं. काही नाही. "ह्यातला वायू भट्टीतच उडून गेला, आता सुटायला उरलंच काय?" मग तिने तिसरी करवंटी साहेबांच्या हातात दिली आणि लिंबाची फोडही दिली. "आता आपण पिळा."

साहेबांनी पिळलं. साय फसफसली. बुडबुडे फुटून त्यांच्या चष्म्यावर एक थेंब उडाला.

"म्हणजे हा..." साहेब थांबले.

"शिंपला आहे, साहेब. चुना होता, त्याने ह्या खोलीतल्या दिव्यांचा आणि माणसांचा वायू परत घेतला आणि एका रात्रीत पुन्हा शिंपला झाला. आम्ही फुंकर घालून जे दाखवणार होतो ते बाबांच्या गाऱ्हाण्याने आधीच करून ठेवलंय."

आणि मग तिला भिंत दिसली. वर्गाची ती पांढरी भिंत, जिला भिकाजीने स्वतःच्या भट्टीच्या चुन्याने स्वतः हात दिला होता, त्याला कित्येक वर्षं झाली. ती भिंतीपाशी गेली आणि लिंबाची फोड भिंतीवर दाबली. सगळ्या खोलीला ऐकू जाईल अशी भिंत फसफसली.

मुली धावल्या. प्रत्येकीच्या हातात लिंबाची फोड, आणि चारी भिंतींवर बुडबुडे. शेजारच्या वर्गातले मास्तर पुन्हा धावत आले. आणि देवस्थळी साहेब, उंच, किडकिडीत, कमी बोलणारे देवस्थळी साहेब, फाइल बाकावर टाकून कोपऱ्यातल्या भिंतीवर लिंबू पिळत होते, कोटाची बाही चुन्याने भरली तरी त्यांना भान नव्हतं. खरं तर ते स्वतः रसायनशास्त्र शिकलेले, पण याद्या तपासता तपासता त्यांना त्याचा विसर पडला होता.

"बरं," थोड्या वेळाने ते हात पुसत म्हणाले, आणि आता त्यांचा आवाज बदललेला होता. "भिंतीने शिंपल्याचा वायू परत घेतला. पण जगभर कोळसा जळतोय. त्याचा वायू कोण परत घेणार? सांगेल कुणी?"

सुगंधाने शेवंतीकडे पाहिलं. शेवंती पुढे झाली. साहेबांपुढे शुद्ध बोलायचं म्हणून तिने सुरुवात केली, "साहेब, झाडं घेतात. समुद्र घेतो. पण दगडी कोळसा फार जुना आहे, आणि आपण तो फार भराभर..." आणि मग शुद्ध भाषा तिला पुरेना. "जितक्या जाळतो तितक्या घेवक ती झाडां पुरणत नाय, साहेब. उरलेला वरच रवता. आनी तेची गोधडी होता. गोधडीर गोधडी पडली तर हय खालती उबाळो वाढतलो. वाऱ्याक, पावसाक, दर्याक, सगळ्यांका तो लागतलो."

"कधी? किती?"

"ता अजून कोणाक ठावक नाय. थय एका डोंगरार मोजतत."

साहेबांनी सुगंधाकडे पाहिलं. "हे अभ्यासक्रमात नाही."

"नाही, साहेब. पण मोजायला माणसं लागतील. पुढे फार लागतील. त्यांतली एखादी ह्या वर्गातून गेली तर सरकारची हरकत आहे?"

साहेबांनी पेन काढलं.

पेन उघडल्याचा आवाज होत नसतो, पण बावखोलवाडीत तो सगळ्यांनी ऐकला. "पेटी दुसरी मागवा," लिहिता लिहिता साहेब म्हणाले, "आणि ह्या खेपेला एस.टी.ने आणा. वर्गाला मान्यता." भाई खुर्चीत बसले ते उठायचं विसरले. अंगणात कुणीतरी शिट्टी मारली, मुलींनी एकमेकींना मिठ्या मारल्या आणि सुगंधा सगळ्यांदेखत, साहेबांदेखत, घळाघळा रडली.

भिकाजी भिंतीपाशी उभा होता. त्याने तळहात भिंतीवर टेकवला होता आणि तो तिच्यावरून असा हात फिरवत होता, जसा गाईच्या पाठीवरून फिरवतात.

"म्हंजे आगीन माजा कायएक खावक नाय," तो स्वतःशीच म्हणाला. "सगळा हय भित्तीत आसा. माज्या बापाचा पण. आज्याचा पण." मग लेकीकडे वळून, "दाखयलंस गो तू. शेवटी दाखयलंस."

खिडकीशी धोंडू परत आला होता. गज धरून त्याने सुगंधाला हाक मारली. "बाई, एक इचारू? त्या डोंगरार जावन मोजूचा म्हटला तर आमच्या शेवंतीक किती शिकाचा लागतला?"

"पुष्कळ," सुगंधा म्हणाली. "धाडशील?"

"आता भांडी घासूक धाडलंय तर तीच माका इचारतली, खंयच्या पाण्यान घासू म्हणान," धोंडू म्हणाला. "शिकान दे."

गाऱ्हाण्याशिवाय असा दिवस संपणं शक्यच नव्हतं. नवा नारळ आला. भिकाजीने टोपी नीट केली, हात जोडले, डोळे मिटले आणि तोंड उघडलं. मग डोळे उघडले. सगळ्यांना थांबायची खूण करून तो बाकांपाशी गेला आणि अकराही बरण्यांवर स्वतःच्या हातांनी झाकणं घट्ट बसवली.

"देव भायरसून आयकता," तो म्हणाला आणि जागेवर परतला.

"बा देवा म्हाराजा! जळला ता भित्तीन परत घेतला, ह्या आमी आज डोळ्यांनी बगितला. जा अजून वर भटकता, तेका पण वाट दाखय. आनी ह्या चेडवांका इतकी मोठी कर, की तुजो हिशेब ती मोजतली!"

"व्हय म्हाराजा!" अकरा मुली ओरडल्या, अर्धी वाडी ओरडली, आणि त्या गर्दीत एक किडकिडीत सरकारी आवाजही होता. हायस्कुलातून परतणाऱ्या मुलांना घेऊन येणारी महादूची होडी तेव्हा खाडीच्या मध्यावर होती, आणि तिथेही तो आवाज पोचला, असं महादू पुढे कितीतरी वर्षं सांगत असे.